विहिणीचं मशीन मी हाकललं

मी माझ्या विहिणीला ब्लॉक केलं. मोबाईलवर नाही. मोबाईलवर ब्लॉक करायची वेळच आली नव्हती, कारण मुलीच्या लग्नापासून आम्ही एकमेकींशी बोलतच नव्हतो. मी तिचं मशीन ब्लॉक केलं. पेणला तिच्या घरात चालणारं मशीन रोह्याला माझ्या घरातल्या मशीनशी बोलायला आलं आणि मी त्याला लबाड समजून दाराबाहेर काढलं. ही गोष्ट आता दोन्ही घरांत इतक्यांदा सांगून झाली आहे की जो तो आपल्याला हवी तशी सांगतो. विहीण सांगते तेव्हा तर मी लाटणं घेऊन दारात उभी असते. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

मी वरसे गावात राहते, रोह्याला लागून. चौथीपर्यंत शिकले. पूर्वी घराच्या तिन्ही बाजूंना भात आणि भातानंतर वाल असायचा. आता एकाच बाजूला आहे, बाकी दोन बाजूंना बिल्डिंगा. मला बिल्डिंगांचा राग नाही. त्यातल्या बायकांना वालाचं बिरडं खायला आवडतं आणि सोलायला आवडत नाही, त्यावर माझं बरं चाललं आहे. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेकाचं साल काढायचं. ह्यात एक नजर लागते ती गणंग ओळखायची. गणंग म्हणजे असा दाणा जो पाण्यात रात्रभर राहूनही फुगत नाही, मोड काढत नाही, शिजत तर मुळीच नाही. दिसायला इतरांसारखाच. दाताखाली आला की कळतो.

विहिणीशी बिनसलं ते ह्याच दाण्यावरून. लग्न रोह्याला झालं. विहिणीच्या पंगतीला मी स्वतः सोललेलं बिरडं केलं होतं. तिच्याच पानात गणंग निघाला. पंगतीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "रोह्याच्या वालाला आमचे दात कमी पडले बाई." मी वाढत होते. मी म्हटलं, "कमी आधीच असतील." तिथे आमचं बोलणं संपलं. पुढे जे काही एकमेकींना कळवायचं ते मुलगी कळवायची, आणि मुलगी-जावई नोकरीसाठी गुजरातेत गेल्यावर नात कळवायची.

नात म्हणजे मुलीची मुलगी. कॉलेजसाठी माझ्याकडे राहिली आणि कॉलेज संपल्यावरही राहिली. कॉम्प्युटरचं शिकली आहे. तिला एक काम हवं होतं. क्रिप्टोचं काहीतरी करणारी माणसं, निम्मी पुण्यात, निम्मी कुठे कुठे. काम मिळालं तर घरी बसून करायचं, वरशातल्या माझ्या ओट्यावर बसून केलं तरी चालणार. नाही मिळालं तर तिच्या बापाने पुण्यात एका गोदामाच्या ऑफिसात जागा बघून ठेवली होती, राहायला हॉस्टेल. ती एकदा ते हॉस्टेल बघून आली आणि आल्या आल्या म्हणाली, "आजी, तिथे खिडकी उघडली की समोर दुसरी खिडकी हाय." एवढंच बोलली. मला पुरलं.

त्या माणसांनी तिला परीक्षा घातली ती अशी. दोन वेगवेगळ्या गावांत दोन मशीनं लावायची, महिनाभर सांभाळायची, आणि ठरलेल्या सोमवारी संध्याकाळी चारला दोन्ही मशीनं एका पायरीवर उभी असली पाहिजेत. एक पुढे, एक मागे चालणार नाही. तिने एक माझ्याकडे लावलं आणि दुसरं पेणला, विहिणीच्या घरी. दुसरी जागा होती कुठे तिला?

मशीन म्हणजे पाटाएवढाही नाही असा काळा डबा, आत पंखा. मी त्यावर विणलेला रुमाल घातला तर तिने काढून टाकला, म्हणे त्याला वारा लागतो. पहिल्या आठवड्यात शेजारची बाई येऊन विचारून गेली की ह्यातून नोटा कुठून बाहेर येतात. मी म्हटलं, मागून. ती मागे बघायला गेली.

नातीने मला समजावलं ते मला तरी समजलं. हे पैसे बँकेत नसतात. बँक नाही म्हणून कोणी कोणाला किती दिले त्याच्या सगळ्या नोंदी सगळ्यांकडे असतात. जगभर हजारो घरांत असे डबे, आणि प्रत्येकात पहिल्यापासूनच्या सगळ्या नोंदी. एकाने खोटं लिहिलं तर बाकीचे म्हणतात, आमच्याकडे असं नाही. आपल्या डब्याला नोड म्हणतात. त्यात पैसा नाही, नुसती माहिती. दर थोड्या वेळाने नव्या नोंदींचा एक गठ्ठा येतो आणि तो डब्याडब्यातून पुढे जातो. आपला डबा ज्यांच्याशी बोलतो ते त्याचे शेजारी.

"आणि शेजाऱ्यांतच लबाड असतात," ती म्हणाली.

"ते मला सांगू नको," मी म्हटलं.

तिने एक जुना टॅब भिंतीला टांगला आणि त्यावर शेजाऱ्यांची रांग दिसेल असं केलं. सगळं मराठीत. आधी त्याचा नंबर, म्हणजे त्याचा पत्ता. मग कधीपासून आला आहे. मग 'घेतलं' आणि 'दिलं'. आणि शेवटी प्रत्येकासमोर एक बटण, 'हाकल'. एकदा हाकलला की त्या नंबराला आपलं दार बंद. चूक झाली तर 'माफ' नावाचं दुसरं बटण.

"संशय घ्यायचा कोणाचा?" मी विचारलं.

"हे बघ. हे पाच. नंबर वेगवेगळे दिसतात, पण सुरुवात सारखी. एका गल्लीतून आलेत आणि एकमेकांना ओळखत नाय असं दाखवतात."

"लग्नात येतात तसे. मुलीकडे विचारलं तर मुलाकडचे, मुलाकडे विचारलं तर मुलीकडचे."

"व्हय, तेच. हाकल त्यांना. आता हा बघ. हा सांगतो माझ्याकडे पुढचा गठ्ठा हाय, आणि मागितला की देत नाय. आणि हे दोघं काहीच करत नाहीत, नुसते ऐकत बसतात. कुठल्या घरातून कधी काय निघालं ते टिपतात."

"नळावरच्या बाया."

"आणि घेतो खूप, देत काहीच नाय, त्याच्यावरही नजर ठेव."

मला ते काम फार आवडलं. साठ-सत्तर वर्षं दाराशी येईल त्याला या बसा म्हणत आले. नावडता असला तरी चहा. इथे एक बोट लावलं की माणूस गेटबाहेर, आणि वर कोणी विचारत नाही की का गो असं केलंस. मी वाल सोलायला टॅबच्या समोरच बसू लागले. एका दुपारी नात बाहेरून आली, तर रांगेत तीनच शेजारी उरले होते.

"आजी! बाकीचे कुठे गेले?"

"मला पटले नाहीत."

"सगळ्यांना हाकललंस तर आपलं मशीन एकटं पडंल ना. मग त्याला खरं-खोटं कोण सांगणार?" तिने बसून निम्म्यांना माफ केलं. मी बघत होते. त्यातले दोन मला अजूनही पटलेले नाहीत.

हाकलण्यातही एक खोट होती. नात त्यावरून चिडायची. हाकललेला लबाड आपलं इंटरनेट बंद करून परत चालू करायचा, त्याला नवा नंबर मिळायचा, आणि तो नव्या नंबराने परत आत. "नुसती टोपी बदलून येतात," ती म्हणायची. दार टोपीला बंद असायचं, माणसाला नाही.

पेणचं मशीन मात्र ह्या लबाडांनी पुरतं घेरलं. एकाच गल्लीतली सगळी टोळी तिथे शेजारी होऊन बसली आणि त्याला शिळ्या बातम्या देत राहिली. मशीन बिचारं तेच खरं धरून मागे राहिलं. विहिणीकडे टॅब होता, पण ती टॅबकडे बघेल कधी? घरातच तिचा गणपतीचा कारखाना आहे. व्याही गेल्यावर तीच चालवते. मूर्ती, रंग, गिऱ्हाईक ह्यातून तिला मान वर करायला वेळ नसतो. म्हणून नातीने पेणच्या मशीनची सगळी दारं बंद केली आणि एकच उघडं ठेवलं.

"आता पेणचं मशीन फक्त आपल्या मशीनशी बोलणार. आपण जे देऊ ते घेणार," तिने मला सांगितलं.

"म्हणजे विहीण माझ्या भरवशावर?"

"तसंच समज."

त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

माझ्या रांगेत पेणचा नंबर तिने हिरवा करून ठेवला, पुढे नाव लिहिलं, आणि सांगितलं ह्याला हात लावायचा नाही. मी लावला नाही. हिरव्याला मी कधीच हात लावला नाही, हे मी कोणासमोरही सांगेन.

शेवटचे चार दिवस त्या माणसांनी तिला समोरासमोर बोलायला पुण्याला बोलावलं. जाताना मी विचारलं, तिथून तुला हे मशीन चालवता येणार नाही का? तर म्हणाली, "बाहेरून आत यायची वाट मी ठेवलीच नाय. मी येऊ शकले तर दुसराही येईल." मला ते पटलं. मग दोन मशीनं दोन आज्यांच्या ताब्यात देऊन ती गेली.

रविवारी सकाळी उठून बघते तर हिरवा गायब. मी म्हटलं, पेणला लाईट गेली असेल. वाईट वाटलं असं खोटं लिहिणार नाही. चहा केला. चहा पिईपर्यंत रांगेत एक नवा आला. हिरवा नाही, काही नाही, साधा. नंबर अनोळखी. आणि तो घ्यायला जो लागला! 'घेतलं' वाढतंय, 'दिलं' शून्य. मी केर काढला, तो घेतोय. आंघोळ करून आले, तो घेतोय. वालाची पुरचुंडी सोडली, मोड बघितले, तो आपला घेतोयच. असला खादाड महिनाभरात बघितला नव्हता. मी बोट लावलं. हाकल.

तर तो जाईना. खाली लाल अक्षरं यायला लागली, 'ठोठावतोय'. थोडं थांबायचा, परत 'ठोठावतोय'. मी त्याला म्हटलं, "काय लाज हाय का नाय?" आणि दिवसभर वाल सोलताना मधून मधून त्याच्याकडे बघून घेतलं. ठोठावणाऱ्याला आत न घेण्यात मजा असते.

दिवेलागणीला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज होता.

"पेणहून बोलतेय."

"बोला विहीणबाई."

"बोलते की. तुमच्या मशीननं आमच्या मशीनला दार लावलंय. शोभतं का तुम्हाला?"

"काहीतरीच काय. तुमचं मशीन सकाळपासून बंद हाय."

"बंद? माझ्या डोळ्यासमोर चालू हाय. लाल अक्षरात लिवलंय, 'रोहे, दार बंद'. नातीनं मराठीत करून दिलंय, मला वाचता येतं. दिवसभर रंगात होते म्हणून आत्ता बघितलं."

माझ्या टॅबवर तेव्हाच 'ठोठावतोय' आलं. माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला, पण मी तो दाखवला नाही.

"सकाळी तुमची लाईट गेली होती का?" मी विचारलं.

"गेली नव्हती. मी काढली होती."

"का?"

"कॉम्प्रेसरला प्लग पायजे होता. माघी गणपतीचं गिऱ्हाईक दारात, मूर्ती अर्धी रंगवलेली, मी काय फुंकून रंग मारू?"

"मग?"

"मग परत लावली. तर ते इचारायला लागलं, सगळं पहिल्यापासून आणू का म्हणून. मी हो म्हटलं."

"हो कशाला म्हटलंत?"

"अहो, कुठलंही काम पहिल्यापासूनच करतात ना? मधनंच कोण सुरू करतं?"

तर हे असं. लाईट काढली तेव्हा तिचं इंटरनेट गेलं, परत आलं तेव्हा नवा नंबर घेऊन आलं, म्हणून माझ्या रांगेत हिरवं दिसलं नाही. आणि मशीन कोरं होऊन पहिल्या नोंदीपासून सगळं मागायला लागलं, म्हणून नुसतं घेत होतं. त्याला दुसरं कोणी द्यायला नव्हतं. त्याचं एकच दार होतं, माझं.

"पोरीला सांगायला लागंल," मी म्हटलं.

"सांगा की."

"मी का? लाईट तुम्ही काढलीत."

"आणि हाकललं कोणी?"

शेवटी विहिणीने तिघींना एकत्र बोलता येतं तसं काहीतरी केलं. तिला ते येतं, गिऱ्हाइकांमुळे. नातीने फोन उचलला. आधी मी बोलले, मग ती बोलली, मग दोघी एकदम बोललो.

"अगो, ऐकू येतं ना?" मी विचारलं.

"येतं," नात म्हणाली. "तुम्ही दोघी एकमेकींशी बोलताय?"

"मशीनचं इचार आधी!" विहीण ओरडली.

नातीने विचारलं आणि तिचा आवाज खाली गेला. पहिल्यापासून सगळं आणायचं तर आठवडा लागतो. उद्या चारला परीक्षा. मला तिची ती खिडकी आठवली, समोर दुसरी खिडकी असलेली. मग तिलाच एकदम सुचलं. "आजी, माझ्या कपाटात ड्रेसांच्या खाली एक डबी हाय, साबणाच्या वडीएवढी. गुरुवारपर्यंतच्या सगळ्या नोंदी त्यात हायत. ती उद्या सकाळी पेणला पोचव. पेणच्या मशीनला लाव. ते त्यातून उचलंल. मग गुरुवारपासून पुढचं तेवढं आपल्या मशीनकडून घ्यायचं, तासाभराचं काम. फक्त निघायच्या आधी पेणला माफ कर."

"करते गो," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी माझ्यापुढे वेगळाच प्रश्न होता. विहिणीकडे इतक्या वर्षांनी जायचं तर हात हलवत कसं जाणार? घरात सोललेलं बिरडं होतं, ते बिल्डिंगमधल्या एका बाईने सांगून ठेवलेलं. तिला म्हटलं, उद्या. ती म्हणाली, माझ्याकडे आज पाहुणे आहेत. मी म्हटलं, त्यांना अंडी घाला. डबा भरला, डबी टॉवेलात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवली, वर डबा, घराला कुलूप, आणि एसटी पकडली.

खिडकीशेजारी जागा मिळाली. नागोठण्याला शेजारी एक बाई येऊन बसली आणि पिशवीकडे बघून म्हणाली, "वास कसला गो येतोय?"

"वरती बिरडं हाय," मी म्हटलं. "खाली नातीची नोकरी."

तिने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि गडब गाव येईपर्यंत घट्ट धरून ठेवली.

विहिणीच्या कारखान्यात मी लग्नानंतर पहिल्यांदा गेले. जमिनीपासून छपरापर्यंत फळ्या, फळ्यांवर पांढरे गणपती, अजून डोळे न काढलेले. त्यांच्यातच एका फळीवर आमचा काळा डबा, त्यावर पांढरी धूळ अशी की तोही प्लॅस्टरचा वाटावा. विहीण हात पुसत बाहेर आली. जाड झाली आहे. मी पण झाले आहे.

"आलात. वाट सापडली म्हणायची."

"वाट होती तिथंच होती."

तिने गूळ-पाणी दिलं. मी डबी दिली. नातीने सांगितलं तसं वायर लावली, 'डबीतून घे' दाबलं, आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकायला लागली. दोन खुर्च्या टाकून आम्ही समोर बसलो. काय बोलायचं हे दोघींनाही माहीत नव्हतं, म्हणून पट्टीवर बोललो. ती म्हणाली सरकतेय. मी म्हटलं सरकतेय.

दुपार झाली तेव्हा पट्टी भरली. गुरुवारपर्यंतचं सगळं आत. आणि खाली लाल अक्षरं उमटली. 'रोहे, दार बंद.'

मी हात कपाळाला लावला.

"काय झालं?" विहिणीने विचारलं.

"माफ करायचं राहिलं."

"म्हणजे मी अजून हाकललेलीच?"

"व्हय."

"मग घरी कोणाला तरी सांगा, बटण दाबा म्हणून."

"घराला कुलूप हाय. किल्ली इथे हाय." मी कमरेची किल्ली दाखवली. परत जायचं तर एसटीची वाट बघा, दीड-दोन तास रस्ता, मग मशीनला लागणारा तास. चार केव्हाच वाजून गेले असते. त्या क्षणी मला माझा जेवढा राग आला तेवढा विहिणीचाही कधी आला नव्हता.

विहीण उठली. मला वाटलं आता सुनावणार, आणि मी ऐकूनही घेतलं असतं. ती सरळ भिंतीपाशी गेली, इंटरनेटच्या डबीची पिन धरली आणि उपटली.

"अहो, काय करताय?"

"आमच्याकडे काही अडलं की हेच करतात. कॉम्प्रेसर असो, मिक्सर असो." तिने पाच-दहा श्वास थांबून पिन परत खुपसली.

दिवे विझले, पेटले, मिचकावले. मी पडद्याकडे बघत होते. लाल अक्षरं गेली आणि हिरवी आली. 'रोहे, दार उघडं.' आणि नोंदी भराभरा यायला लागल्या. शुक्रवार. शनिवार.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग असं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला.

"हसताय कसल्या?"

"विहीणबाई, तुम्ही टोपी बदलून आलात."

तिला सांगितलं. पिन काढली तेव्हा जुना नंबर गेला, लावली तेव्हा नवा आला. मी हाकलला होता तो जुना. माझं मशीन नव्याला ओळखतच नव्हतं, त्याने घेतलं आत. ज्या युक्तीने जगभरचे लबाड फिरतात त्याच युक्तीने.

"म्हणजे मी चोरासारखी शिरले?"

"व्हय."

"विहिणीच्या घरात?"

"व्हय. आणि मी घरात नसताना."

ती रंगाच्या डब्यावर बसली आणि हसली. तिचं हसणं मोठं आहे. फळीवरच्या लहान मूर्ती हलल्यासारख्या वाटल्या. कारखान्यातली माणसं काम सोडून बघायला आली.

मग जेवलो. बिरडं तिने फोडणीला घातलं, नारळ माझ्यापेक्षा कमी घातला, पण ते जाऊ दे. ती अगदी हळू चावत होती, घासाघासाला. मी आपली भाताकडे बघत होते. मधेच ती थांबली. तोंडातून एक दाणा काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि बोटाने माझ्याकडे ढकलला.

"हा बघा."

गणंगच होता. नाकारून उपयोग नव्हता.

"खुणेला घातला," मी म्हटलं. "माझ्याच हातचं हाय हे कळावं म्हणून."

"कळलं," ती म्हणाली आणि आणखी वाढून घेतलं.

चारच्या आधीच दोन्ही मशीनं एका पायरीवर आली. संध्याकाळी नातीचा फोन आला. त्या माणसांनी दोन्ही बघितली, दोन्ही सारखी होती. पण त्यांना कालचा दिवसही दिसला. पेणचं मशीन दिवसभर बाहेर का होतं, रोह्याने त्याला का अडवलं, असं त्यांनी विचारलं.

"मग काय सांगितलंस?"

"घरगुती कारण."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही म्हणे. त्यांच्याकडेही घरं असतीलच. आठवड्याने काम मिळाल्याचं कळलं. गोदामाच्या ऑफिसला तिच्या बापाने नाही कळवलं. नात आता माझ्या ओट्यावर मांडी घालून काम करते, आणि मधेच माझ्याबरोबर वाल सोलते. सोलायला हळू आहे, पण तिच्या हातून गणंग सुटत नाही.

थंडी होती, शेंगा भरल्या होत्या, म्हणून मी पोपटी लावली. मागच्या बाजूला जो एकच शेताचा तुकडा उरला आहे तिथे. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, वर परत पाला, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. विहिणीला बोलावलं. मुलगी-जावईही दोन दिवस आले होते. मडकं उतरवलं, पाला काढला, वास सुटला, सगळे बसले. विहीण उभीच.

"बसा ना," मी म्हटलं.

"आधी मला माफ करा. मग जेवते."

"कशाबद्दल?"

"त्या मशीनमध्ये मी अजून हाकललेली हाय. टोपी बदलून आत आले ते वेगळं. हाकलल्या घरात मी कशी जेवू? मानाचा प्रश्न हाय."

नात तिला म्हणाली, "आजी, तो नंबर आता तुझा नाय गो. पेणमध्ये दुसऱ्याच कोणाकडे गेला असंल."

"जाऊ दे. हाकलला तेव्हा माझा होता ना?"

जावई दुसरीकडे बघायला लागला. मी उठले, हात धुतले, आत गेले, टॅब काढून बाहेर आणला आणि तिच्या डोळ्यासमोर, सगळ्यांच्या डोळ्यासमोर 'माफ' दाबलं. तिने वाकून नीट बघितलं, चष्मा लावून. मग बसली.

बसली आणि मधल्या भरलेल्या शेंगा सगळ्या आपल्याकडे ओढल्या. एकेक सोलतेय, तोंडात टाकतेय, सालं माझ्याकडे. नातीने मला विचारलं, आजी, का हसतेस? मी म्हटलं, काही नाही. घेतलं भरपूर, दिलं शून्य. मी बरोबरच ओळखलं होतं.